न खेळता जिंकलेले तीन सामने

पवनी,
कार्तिक, मंडयांचे दिवस

तीर्थस्वरूप कृष्णराव भाऊजी यांच्या चरणी पवनीहून मोतीलालचा साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे यंदा आठांपैकी दोन अंगं जमिनीला टेकत नाहीत, तेवढी वजा धरावीत. भाव पूर्ण आहे.)

आम्ही सगळे इथे सुखरूप आहोत. तुमची प्रकृती कशी आहे? रक्तदाबाची गोळी सकाळची सकाळीच घेता ना? हे पत्र शक्यतो गोळी घेतल्यावर, जेवण झाल्यावर आणि हात असलेल्या खुर्चीत बसून वाचावे. काळजीचं काही नाही, पण चांगल्या गोष्टीसुद्धा स्वस्थ बसूनच वाचाव्यात असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. शोभाताईची कंबर कशी आहे? भाऊबीजेचं ओवाळायला यंदा आठवडाभर उशिराने आली होती तेव्हा पाटावरून उठताना तिला त्रास झाला, पण ओवाळताना मात्र झाला नाही. ओवाळता ओवाळता तिने मला पुन्हा पुन्हा सांगितलं की आमच्या अश्विनने तिन्ही सामने जिंकले, आता त्याची नोकरी पक्की समजायची, आणि मी तोंडात करंजी असल्यामुळे नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याबद्दलच हे पत्र आहे असं म्हटलं तरी चालेल. पण त्याकडे सावकाश येतो. तुम्ही म्हणाल, एवढं लिहिण्यापेक्षा फोन का केला नाही. भाऊजी, तुमच्याकडचा फोन ताई उचलते. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

आधी एक सांगतो, तुमची अट मला पाठ आहे. अश्विनला तुम्ही माझ्याकडे पवनीला ठेवलंत तेव्हाच म्हणाला होतात, की पोराने हवं तर दोन वर्षं फुटबॉल शिकवावा, पण या दिवाळीपर्यंत महाविद्यालयात जागा पक्की झाली नाही तर शिट्टी खुंटीला टांगून आमगावला यायचं आणि तुमच्या शिकवणी वर्गात दहावीचं गणित घ्यायचं. अट रास्त आहे. तुम्ही आयुष्यभर मुख्याध्यापक होतात, तुमच्या शाळेचा निकाल कधी घसरला नाही, आणि निकालावर माणूस पारखायची तुमची रीत सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. (माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही माझी मॅट्रिकची गुणपत्रिका मागितली होती, ते करुणा अजून विसरलेली नाही.) म्हणून मी निवाडा कसा केला हे तुम्हालाच आधी कळवावं असं मनाने घेतलं.

सुरुवात जिल्ह्यापासून करावी लागते. जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली, तुम्ही गोंदियात गेलात आणि आम्ही भंडाऱ्यात उरलो, त्याबद्दल मनात काही नाही. वाटणी म्हटली की असं होतंच. आमच्या दोन चुलत्यांच्या वाटणीत एकाला दार आलं आणि दुसऱ्याला कुलूप. पण आमच्या संस्थेची तीन महाविद्यालयं होती, त्यातलं एक तुमच्या जिल्ह्यात गेलं आणि वेगळं झालं, तेव्हा खेळाच्या सामानातले चांगले चेंडू तिकडे गेले आणि हवा भरायचा पंप इकडे राहिला. गेली चार वर्षं आम्ही तो पंप सांभाळतो आहोत. उरलेली दोन महाविद्यालयं म्हणजे एक आमचं पवनीचं आणि एक अड्याळचं. पवनीच्या संघाला अश्विन शिकवतो आणि अड्याळच्या संघाला हर्षा मॅडम. ही मुलगी दिघोरीच्या शेतकरी घरातली, कॉलेजात असताना खो-खो खेळायची, आणि बोलते कमी. दोघंही मानधनावर. यंदा संस्थेने ठरवलं की पुढच्या वर्षीपासून दोन्ही मिळून एकच संघ करायचा आणि एकच मार्गदर्शक ठेवायचा. दोघांतला कोण, हे ठरवायचं काम अध्यक्ष सोमाजींनी माझ्या गळ्यात घातलं.

खेळातलं मला काय कळतं हे तुम्हाला माहीत आहे. फुटबॉलबद्दल माझं ज्ञान एवढंच, की चेंडूला हात लावायचा नसतो आणि ही गोष्ट गोलकीपरला अजून कोणी सांगितलेली नाही. पण दोन वर्षांपूर्वी मी आमच्या मागावरच्या कापडाच्या बनियानी शिवून दोन्ही संघांना दिल्या, तेव्हापासून संस्थेत मला क्रीडाप्रेमी म्हणतात. (पवनीला निळ्या आणि अड्याळला लाल दिल्या होत्या. पहिल्या धुण्यानंतर दोन्ही संघ जांभळे झाले. रंग पक्का होता, साबण खराब होता.) मी सोमाजींना स्पष्ट म्हणालो की अश्विन माझा सख्खा भाचा आहे, हे काम मला शोभणार नाही. तर ते म्हणाले, "मोतीलालभाऊ, भाचा आहे म्हणूनच तुमी पायजे. लोकं बोलतीन या भेवानं तुमी सरळ चालान. दुसरा माणूस बिनभेवाचा राहीन, त्याचा काय भरवसा?" मी चष्मा पुसून वर पाहिलं तोवर ठराव पास झाला होता.

आता यंदाचा हंगाम. सामन्यांचं वेळापत्रक दूर कुठेतरी ठरतं, आणि ठरवणाऱ्याच्या भिंतीवर जे कॅलेंडर असतं त्यात दिवाळी असते, मंडई नसते. श्रावणात वैनगंगा चढली आणि आमचं मैदान पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं तेव्हा एका गोलात गाळ होता आणि दुसऱ्या गोलाच्या जाळीत मासे. (जाळी त्यानंतर कोणीतरी घरी नेली. तिचा खरा उपयोग त्याला कळला असणार.) मैदान वाळेपर्यंत लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी आली, आणि ज्यांच्याकडे हलका धान ती पोरं शेतात, बांधीत गेली. त्यांची कापणी आटपते तोच दिवाळी, आणि भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडयांच्या जत्रा. तुम्हाला मंडईचं काय सांगायचं? ज्या गावची मंडई, त्या गावचा पोरगा पाताळात असला तरी घरी येतो. पाहुणे येतात, सोयरिकी जुळतात, रात्रभर नाटक होतं, आणि दुसऱ्या दिवशी तो पोरगा मैदानावर आलाच तर गोलच्या खांबाला टेकून झोपलेला सापडतो. त्यात प्रत्येक गावची मंडई वेगळ्या दिवशी, म्हणजे संघात जितकी गावं तितक्या सुट्ट्या. मंडया संपल्या की उशिरा येणाऱ्या भारी धानाची कापणी आहेच.

अशा या हंगामात आपल्या अश्विनने तीन सामने जिंकले. ते कसे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसावं म्हणून लिहितो. पहिल्या सामन्याला समोरच्या संघाची गाडी पुलावर पाणी असल्यामुळे नदीच्या पलीकडेच राहिली. आपली पोरं बनियानी घालून रांगेत उभी राहिली, पंचांनी घड्याळ पाहिलं, शिट्टी वाजवली आणि आपण जिंकलो. दुसऱ्या सामन्याच्या दिवशी समोरच्यांच्या गावची मंडई होती, त्यामुळे संघ आलाच नाही आणि पंचसुद्धा उशिराच आले. तिसऱ्या सामन्याला मात्र संघ आला, पण सहाच पोरं. सातांपेक्षा कमी असतील तर खेळता येत नाही असा नियम आहे म्हणे. त्यांनी आपल्या गाडीच्या ड्रायव्हरला सातवा म्हणून उभं करून पाहिलं, पण त्याच्याकडे महाविद्यालयाचं ओळखपत्र नव्हतं आणि मिशी फार होती. याप्रमाणे आपण तिसराही जिंकलो. ताईने आमगावात पेढे वाटले ते योग्यच केलं, विजय हा विजय असतो. पण चेंडूला लाथ न मारता इतके विजय मिळवणारा संघ या भागात दुसरा नाही, एवढं खरं.

हर्षा मॅडमच्या संघाचे दोन सामने झाले आणि दोन्ही ते हारले. एक चार-शून्य आणि एक तीन-एक. पहिल्याला त्यांची सात पोरं होती आणि समोर अकरा. दुसऱ्याला आठ होती, त्यातला आठवा थेट बांधीतून आलेला, कमरेला विळा. (पंचांनी विळा ठेवून यायला सांगितलं. तो ठेवून आला आणि तो एक गोल त्यानेच केला.) कागदावर पाहिलं तर अश्विन तीन पैकी तीन आणि मॅडम दोन पैकी शून्य. सोमाजी म्हणाले, यात पारखायचं काय राहिलं? मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात तुम्हाला अभिनंदनाची तारही लिहून टाकली होती. घरी येऊन करुणाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ज्या दिवशी दुकान बंद राहते, त्या दिवशी एकही गिऱ्हाईक भांडत नाही. मंग त्याले तुमी चांगला धंदा म्हणता का?" भाऊजी, तिच्या मॅट्रिकची गुणपत्रिका तुम्ही कधी मागितली नाहीत, ते बरंच झालं.

तेव्हा मला आमच्या बाबांची रीत आठवली. एखाद्या वर्षी सूतच वाईट यायचं, तुटायचं, गाठी पडायच्या, आणि तरी एका कोष्ट्याचं कापड बरं निघायचं आणि दुसऱ्याचं नाही. बाबा कोणालाच बोल लावत नसत. ते दोघांना एकमेकांच्या मागावर बसवत. आठवडाभरात कळायचं की खोट हातात आहे की मागात. मी म्हटलं, हीच रीत इथे लावू. अश्विनने आठवडाभर अड्याळच्या पोरांना शिकवावं, हर्षा मॅडमने पवनीच्या, आणि मग दोन्ही संघांचा एक सामना अड्याळच्या मैदानावर. सोमाजींना ही युक्ती इतकी आवडली की ती त्यांनी स्वतःचीच म्हणून सभेत मांडली. अश्विन थोडा हिरमुसला, पण गेला. मॅडमने नुसतं विचारलं, "त्यायच्यातले कोन कोन कोन्या गावचे आहेत?" आणि गेल्या.

दिवस ठरवायचं काम मी स्वतः केलं, कारण त्यात मी चुकणार नाही याची मला खात्री होती. बाहेरच्या माणसाला मंडई कळत नाही, मी तर इथलाच. माझ्या कापडाच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी त्याच्या गावची मंडई विचारली, आणि सगळ्या गावांमधून एक दिवस असा काढला की त्या दिवशी कुठेही मंडई नव्हती. अडचण एवढीच झाली की तोच दिवस दुसऱ्यांनीही शोधून काढला. दिघोरीला मंडईच्या आदल्या दिवशी एक म्हातारं माणूस वारलं, मंडई पुढे ढकलावी लागली, आणि दिघोरीकरांनी आजूबाजूच्या गावांत चौकशी करून असा दिवस निवडला की त्या दिवशी कुठेही मंडई नव्हती. दोन्ही संघांतली त्या बाजूची पोरं गेली ती गेलीच. सामन्याला जे पंच येणार होते ते दिघोरीचे जावई, तेही गेले, कारण मंडईला जावई गेला नाही तर वर्षभर सासरी चर्चा होते. आणि दिघोरीचा दुसरा एक जावई आहे तो म्हणजे मी. करुणा एकटीच माहेरी गेली. जाताना दाराशी थांबून तिने माझ्याकडे जे पाहिलं, त्याचं वर्णन तुमच्या रक्तदाबाला झेपणार नाही. हर्षा मॅडमचंही गाव दिघोरीच. त्या दिवशी त्यांना पाहायला पाहुणे येणार होते. त्यांचे वडील तुलाराम सायकल घेऊन न्यायला आले, तर मॅडमने त्यांना मैदानाच्या कडेला बसवलं आणि म्हणाल्या, बाबाजी, पाहुण्यायले उद्या बलवा. (तुम्ही आणि ताई भलता अर्थ काढू नका. पाहुणे दुसऱ्या दिवशी आले, मॅडमना मुलगा पसंत पडला, माघात लग्न आहे.)

पंच नाही म्हटल्यावर पंच मीच झालो. शिट्टी नव्हती, म्हणून आदल्या आठवड्यात मंडईत घेतलेली पिपाणी तोंडात धरली. ती श्वासालाही वाजते हे मला आधी माहीत नव्हतं. दोन्हीकडे सात-सात पोरं, सगळी जांभळी. मी सगळ्यांना सांगून ठेवलं की आपण कोणाचे आहोत हे ज्याचं त्याने लक्षात ठेवावं. खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात चेंडू शेजारच्या बोडीच्या पाण्यात गेला. बोडीत शिंगाडे. चेंडू बाहेर आला तेव्हा त्यात काटा होता, आणि हवा हळूहळू जाऊ लागली. इथे, भाऊजी, आमच्या पंपाचं चार वर्षांनी सार्थक झालं. चेंडू चांगला नसला की पंप असलेला बरा, हे तुमच्या जिल्ह्याला आमच्याकडून सांगावं. दर थोड्या वेळाने खेळ थांबायचा, पोरं हवा भरायची, आणि तेवढ्यात मी माझा श्वास भरून घ्यायचो.

मध्यंतरात मी दोन्हीकडे गेलो, कारण खरी पारख तिथेच करायची होती. अश्विन काडीने जमिनीवर अकरा वर्तुळं काढून बाण दाखवत होता. त्याचं शिक्षण पक्कं आहे, बाण सरळ येतात. एक अड्याळचा पोरगा उकिडवा बसून ते पाहत होता, मग नम्रपणे म्हणाला, "सर, आमी आज सात आहो का आठ, तेवढं सांगा. बाकी आमाले मालूम आहे." अश्विनने काडी टाकली, त्यांच्यात बसला आणि विचारू लागला. तेव्हा कळलं की मॅडमने त्यांना सातांचा खेळ वेगळा, आठांचा वेगळा, नवांचा वेगळा असा बसवून दिला होता. कापणीत कोण जातं, मंडईत कोण जातं हे त्यांना आधीच ठाऊक. प्रत्येक पोराला दोन-दोन जागांचं काम येतं. अकरांचा खेळ त्यांनी अजून शिकवलाच नव्हता, कारण अकरा कधी आलेच नव्हते. आणि पलीकडे मॅडम आमच्या पवनीच्या पोरांपुढे उभ्या होत्या. भूषण म्हणून आमचा गोलकीपर आहे, राइसमिलवाल्यांचा, अंगाने असा की गोलात उभा राहिला की गोल भरतो, म्हणून अश्विनने त्याला तिथे ठेवलेला. मॅडमने पहिल्याच दिवशी त्याला विचारलं होतं की तुला कुठे खेळायला आवडेल. तो म्हणाला, मॅडम, मले तीन वर्षांपासून पळाचं आहे, कोनी पळू देत नाही. त्या दिवशी भूषण पळाला. त्याला अडवायची कोणाची छाती झाली नाही, आणि दोन्ही गोल त्यानेच केले.

शेवटी पवनी दोन, अड्याळ एक. शेवटी शेवटी अड्याळच्या पोरांनी आणखी एकदा चेंडू खांबांमधून नेला होता, पण त्याआधी पिपाणी वाजलेली होती, म्हणून मी तो धरला नाही. (कशासाठी वाजवली होती ते त्या वेळी अगदी स्पष्ट होतं, आता आठवत नाही. पण नियम म्हणजे नियम. थोडी कुरकुर झाली, पण ज्यांचा गोल गेला ते अश्विनचे होते, म्हणून मामाने भाच्याला झुकतं माप दिलं असं कोणाला म्हणता आलं नाही. माझा ऊर भरून आला.)

आता गणित हा तुमचा विषय. मांडून पाहा. सोमाजी म्हणतात, पवनी जिंकली, पवनीचा मास्तर अश्विन, म्हणजे त्याचे चार विजय. प्राचार्य म्हणतात, जिंकताना पोरं मॅडमच्या हाताखाली होती, म्हणजे विजय मॅडमचा. तुलाराम म्हणाले की हारलेली पोरं आमच्या पोरीनं तयार केली होती अन् जिंकलेली आठ दिवसांत, तं मंग ते सगळ्यायचीच मास्तरीण झाली ना. बाबांनी मला माग बदलायची रीत सांगितली होती, पण दोन्ही मागांवर कापड बरं निघालं तर काय करायचं हे सांगायच्या आधीच ते गेले. मी दोन दिवस दुकानात बसून गिऱ्हाइकांना चुकीच्या मापाचं कापड देत होतो.

ती गाठ अश्विननेच सोडवली. दुपारी दुकानात आला, माझ्यासमोर बसला, डब्यातल्या सुपाऱ्या काढून गादीवर मांडल्या आणि मला तो सामना पुन्हा पहिल्यापासून दाखवू लागला. ही सुपारी इथून अशी गेली, ही इथे मोकळी राहिली, इथे मी चुकलो, इथे पोट्ट्यांनी मला सांभाळून घेतलं. भाऊजी, हा पोरगा दोन वर्षं माझ्या घरी आहे. तिन्ही विजयांच्या दिवशी तो घरी येऊन गुपचूप जेवला आणि झोपला होता. त्या दिवशी हारलेल्या सामन्याबद्दल तो दिवेलागणीपर्यंत बोलत होता आणि हसत होता. मग सुपाऱ्या गोळा करून म्हणाला, "मामाजी, मी आजवर खेळवलंच कुठी? तीन खेपा पोट्ट्यायले बनियानी घालून उभं केलं, अन् घरी आलो. खेळवलं ते मॅडमनं. मॅडमले ठेवा. मी त्यायच्या हाताखाली शिकतो." मी दुकानाचं कुलूप शोधायचं निमित्त करून आत गेलो.

तेव्हा मला जे समजलं ते असं, की अश्विनचं चुकलं काहीच नाही. त्याने अकरांच्या, कोरड्या मैदानाच्या, वेळेवर होणाऱ्या हंगामाची तयारी केली होती. तो हंगाम आला नाही. जो आला त्याची तयारी मॅडमने केली होती. असो. निवाडा मी लेखी देऊन टाकला आहे आणि तो न्यायाचा आहे, यात मला शंका नाही. तो काय दिला हे सविस्तर लिहिणार होतो, पण कागद संपत आला. करुणा दिघोरीहून परत आली आहे आणि माझ्याशी खुणांनी बोलते. ताईला माझा नमस्कार नंतर सांगावा, आत्ताच नको.

आपला आज्ञाधारक साळा,
मोतीलाल

ता. क. वर सांगायचं राहून गेलं. निवाडा हर्षा मॅडमच्या बाजूने दिला. संस्थेने तो मान्य केला. अश्विनची जागा गेली.

ता. क. दुसरा. गोळी घेतली असेल असं धरून चालतो. भाऊजी, तुमची अट मोडा असं सांगायची माझी छाती नाही, पण हात जोडून मागतो, पोराला आणखी एक वर्ष द्या. राहायला-जेवायला तो माझ्याकडे आहेच, मॅडमच्या हाताखाली फुकट राबायला तयार आहे, आणि मॅडम हो म्हणाल्या आहेत. दहावीचं गणित कुठे पळून जात नाही. आमच्या पवनीची मंडई अजून व्हायची आहे, तेव्हा या. आल्यावर त्याला किती जिंकलास हे विचारू नका. त्याच्यासमोर सुपारीचा डबा ठेवा आणि नुसते बसा.

ता. क. तिसरा, आणि खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. हे ताईला तुम्ही सांगा. पेढे तिने वाटले आहेत. पुढच्या भाऊबीजेला मला ओवाळून घ्यायचं आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत मी दिघोरीला सासरी माफी मागायला गेलो आहे असं समजावं. पाकीट चिकटवून टाकायचं काम अश्विनकडे दिलं आहे.

बाबा, सा. न. मी अश्विन. पाकीट चिकटवाच्या आंधी वाचलं. मामाजीनं सगळं बराबर लिहिलं, एक सोडून. अड्याळवाल्यायचा तो दुसरा गोल बराबर होता. पोट्टा गोलापाशी पोचला, अन् मामाजी पिपाणी तोंडात धरूनच "मार, अश्विनच्या पोट्ट्या, मार" म्हणायले गेले, म्हणून ते वाजली. सगळ्यायनं आयकलं, त्यायले एकट्यालेच नाही समजलं. त्यायले सांगू नका, ते स्वतःले लय निष्पक्ष समजून राहिले. दोन-दोन झाला असता तरी मी मॅडमचंच नाव सांगितलं असतं. मंडईले या. आईले मी सांगतो.